सोनेरी कार्ट्रिजमधील स्मृती

निन्टेन्डो कंपनीच्या एनईएस या व्हिडिओ गेम यंत्रासाठी १९८७ मध्ये अमेरिकेत आलेल्या 'द लेजेंड ऑफ झेल्डा'चे सोनेरी कार्ट्रिज संग्राहकांना विशेष प्रिय आहे. त्यातील नाण्याच्या आकाराची ३ व्होल्टची लिथियम बॅटरी खेळाडूंची प्रगती जपते. मुलांनी तेव्हा नोंदवलेली नावेही त्यातच असतात. बॅटरी संपली तरी खेळ सुरू होतो, मात्र या नोंदी पुसल्या जातात.

नवी बॅटरी सोल्डर करून बसवता येते. परंतु जुनी काढतानाही नोंदी नाहीशा होतात. म्हणून जाणकार त्या आधी संगणकावर उतरवून घेतात.

जुलै २०२१ मध्ये याच खेळाची एक सीलबंद प्रत अमेरिकेतील लिलावात ८ लाख ७० हजार डॉलरला विकली गेली. तिच्यातील बॅटरी बदलायची झाल्यास सील तोडावे लागेल, आणि एवढी किंमत तर त्या सीलचीच आहे.