पालापाचोळ्याचे ढीग आणि शेजारची वस्ती

बागेतला कचरा म्हणजे पालापाचोळा, छाटलेल्या फांद्या आणि कापलेले गवत. तो निरुपद्रवी वाटतो. पण एकाच जागी ढीग साचले की शेजारच्या वस्तीच्या तक्रारी सुरू होतात. बीडसारख्या कोरड्या जिल्ह्यात उन्हाळ्यात वाळका पाचोळा एका ठिणगीने पेटतो आणि आतल्या आत धुमसत राहतो. पावसाळ्यात ढिगात हवा खेळत नाही, दुर्गंधी सुटते आणि काळे पाणी जमिनीत मुरते.

2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी असा कचरा आपल्याच आवारात वेगळा साठवणे बंधनकारक केले आणि जाळण्यास मनाई केली. त्याच वर्षी राष्ट्रीय हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळल्यास 5,000 आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास 25,000 रुपये दंड ठरवला.

कचऱ्याकडे केलेल्या दुर्लक्षाचा परिणाम बीडशेजारच्या, तेव्हाच्या औरंगाबादेत दिसला. शहराचा कचरा नारेगावात टाकला जाई; फेब्रुवारी 2018 मध्ये नारेगावकरांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. मार्चमध्ये उच्च न्यायालयाने तेथे कचरा टाकण्यास बंदी घातली.

उपाय सोपा आहे. फांद्यांचा भुगा करावा, पाचोळ्यावर शेणकाला शिंपडून थर रचावेत आणि ते अधूनमधून उलथावेत. ढीग 55 अंश सेल्सिअसच्या वर तापला की बहुतेक रोगजंतू व तणांचे बी मरते आणि काही महिन्यांत खत तयार होते.