स्प्रिंग कडक केली म्हणून गाडी रस्ता धरत नाही

कोल्हापुरात राहून गोकुळ शिरगावला किंवा कागलला कामाला जाणाऱ्याच्या गाडीखाली एकाच आठवड्यात निरनिराळ्या स्वभावाचे रस्ते येतात. शहरात पावसाने उखडलेले खड्डे आणि पावलापावलावर गतिरोधक. बाहेर पडलं की पुणे–बंगळूर महामार्गावरचा सलग वेग. गळीत हंगामात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी चिखल आणलेले फाटे. सुट्टीला कोकणात उतरायचं म्हटलं तर आंबा, करूळ नाहीतर फोंडा घाटाची वळणं. वर्ष-दोन वर्षांत गाडी दणके द्यायला लागते, मागे तिघं बसली की गतिरोधकावर घासते, घाटात एका अंगाला झुकते. मग सल्ले सुरू होतात. स्प्रिंग कडक टाक, स्पेसर घालून गाडी उचलून घे, गॅसचे शॉकअप बसव, मोठे अलॉय घाल.

हे सल्ले देणारे वाईट हेतूने देत नाहीत. पण त्यांतल्या बहुतेकांच्या मुळाशी एकच समजूत असते, की सस्पेन्शनचा एखादा भाग जितका दणकट, तितकी गाडी चांगली. ही समजूत खर्चीक आहे आणि कधीकधी धोक्याचीही.

गाडीचं वजन स्प्रिंग पेलते. शॉकअप वजन जवळपास पेलतच नाही. स्प्रिंग एकदा दबली की वरखाली होत राहते, ती हालचाल तेलाच्या विरोधाने थांबवणं हे शॉकअपचं काम. चाक पुढे-मागे, आत-बाहेर भलतीकडे जाऊ नये म्हणून लोअर आर्म आणि त्यांचे रबरी बुश असतात. या सगळ्यांच्या आधी रस्त्याचा पहिला मार झेलतो तो टायर. कंपनीचे अभियंते ही चारही अंगं एकमेकांना जुळवून ठरवतात. त्यातलं एक बदललं की उरलेल्या तिन्हींचा हिशेब बदलतो.

म्हणूनच ‘दणके बसतात, म्हणजे शॉकअप गेले’ हा निदानाचा घाईचा प्रकार आहे. सगळ्यात आधी टायरची हवा बघावी, तीही गाडी थंड असताना आणि दरवाजाच्या चौकटीवरच्या स्टिकरशी ताडून. पंपावर सवयीने चार-पाच पौंड जास्त हवा भरली जाते आणि चालक महिनोन्‌महिने सस्पेन्शनला दोष देत राहतो. त्यानंतर आवाजाकडे लक्ष द्यावं. लहान खड्ड्यावर पुढून टकटक येत असेल तर बहुधा लिंक रॉड किंवा स्ट्रटचं (पुढच्या चाकाच्या स्प्रिंग-शॉकअपच्या जोडसंचाचं) वरचं माउंटिंग सैल झालेलं असतं. ब्रेक लावताना किंवा सोडताना ठक्‌ वाजलं तर लोअर आर्मचे बुश तपासावेत. शॉकअप खरोखर गेल्याच्या खुणा वेगळ्या असतात: अंगावर तेलाचे ओघळ, महामार्गावरच्या लांब उंचवट्यानंतर गाडीचं दोन-तीन वेळा हेलकावणं, टायरच्या घेरावर जागोजागी पडलेले झिजेचे खोलगट चट्टे. बॉनेट दाबून सोडण्याची परीक्षा सगळेच करतात, पण तिच्यात फक्त पार निकामी झालेला शॉकअप सापडतो. अर्धा थकलेला शॉकअप ती परीक्षा सहज पास होतो.

आता कडकपणाकडे. कॉइल स्प्रिंगचा कडकपणा तिच्या तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. १२ मिलिमीटरऐवजी १३ मिलिमीटर तार घेतली, तर डोळ्यांना फरक कळणारही नाही, पण बाकी मापं तीच असताना स्प्रिंग सुमारे ३८ टक्के कडक होते. वेटोळं कापलं तरी तेच होतं. सहा कार्यरत वेटोळ्यांतलं एक कापलं की उरलेली स्प्रिंग २० टक्के कडक होते, शिवाय तिचं टोक बैठकीत नीट बसत नाही आणि चाक लोंबकळलं की ती जागेवरून निसटू शकते. कापलेल्या स्प्रिंगची गाडी रोजच्या वापरात कुणीही ठेवू नये, यात मतभेदाला जागा नाही.

कुटुंबाच्या साध्या गाडीचं अंग स्प्रिंगवर सेकंदाला साधारण एक ते दीड वेळा वरखाली होतं. हा वेग मुद्दाम निवडलेला असतो. माणसाच्या शरीराला उभ्या दिशेची सगळ्यात नकोशी वाटणारी कंपनं सेकंदाला चार ते आठ वेळांच्या पट्ट्यात येतात, आणि गाडीची चाल त्यापासून लांब राहावी असा तो प्रयत्न असतो. स्प्रिंग कडक केली की गाडी त्या पट्ट्याकडे सरकते. म्हाताऱ्या आईवडिलांना मागे बसवून नेणाऱ्यांनी हे नीट लक्षात घ्यावं.

पण कडक गाडी रस्ता तरी चांगला धरते ना? गुळगुळीत रस्त्यावर, एका मर्यादेपर्यंत, हो. खडबडीत रस्त्यावर चित्र उलटं होतं. टायर जमिनीला टेकलेला असेल तेवढाच वेळ तो ब्रेकचं आणि वळणाचं काम करतो. स्प्रिंग फार कडक असली की खड्ड्यातून वर आलेलं चाक क्षणभर हवेत राहतं, किंवा टेकलं तरी त्यावरचा भार खालीवर होतो. घाटातल्या उखडलेल्या वळणावर असा अधांतरी टायर काही धरत नाही.

शर्यतीचं उदाहरण इथे हमखास दिलं जातं, आणि कोल्हापुरात ते साहजिकच आहे. या शहराने ब्रिटिश फॉर्म्युला थ्री मालिकेत उतरलेला कृष्णराज महाडिक आणि फोक्सवॅगनच्या चषक-शर्यतींत धावलेला ध्रुव मोहिते असे रेसर दिले. मोहितेंच्या कार्टिंग ट्रॅकवर देशभरातली मुलं गाडी चालवायला आली. पण शर्यतीच्या कार्टला स्प्रिंग आणि शॉकअप मुळातच नसतात. तिथे चौकटच पिळवटून ते काम करते, आणि हे चालतं ते ट्रॅक गुळगुळीत असतो म्हणून. उलट रॅलीची गाडी मातीच्या रस्त्यावर उतरवायची तर डांबरी रस्त्याच्या मानाने तिचं सस्पेन्शन उंच, मऊ आणि जास्त लांब हालचाल करणारं ठेवतात. शर्यतीतून शिकायचंच असेल, तर रस्ता बघून सस्पेन्शन ठरवणं शिकावं.

वळणावर गाडी झुकते म्हणून स्प्रिंग बदलायला निघालेल्यांसाठी आणखी एक गोष्ट. वळणावर आतल्या चाकांवरचा भार बाहेरच्या चाकांवर जातो, तो किती जाणार हे मुख्यतः गाडीच्या गुरुत्वमध्याची उंची, दोन चाकांमधली रुंदी आणि वेग ठरवतात. झुकणं कमी दिसलं म्हणून तो भार नाहीसा होत नाही. झुकणं आवरण्यासाठी अँटी-रोल बार असतो आणि त्याचे बुश व लिंक झिजल्यामुळेच कितीतरी गाड्या जास्त झुकायला लागलेल्या असतात. हे भाग स्प्रिंगच्या मानाने खूपच स्वस्त आहेत.

गाडी उंच करण्याचा मोह तर आपल्याकडे सगळ्यात मोठा, आणि त्यामागची अडचण खरी आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ९९ या मानकातला गोलाकार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो, आणि तो ताशी २५ किलोमीटर वेगाने ओलांडता यावा अशी अपेक्षा आहे. गल्लीबोळांत हाताने रचलेले टोकदार उंचवटे या मापाच्या जवळपासही नसतात. स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स १६३ मिलिमीटर, तोही रिकाम्या गाडीचा. पाच माणसं आणि डिक्कीत सामान भरलं की त्यातला बराचसा जातो.

इथे स्पेसर किंवा स्प्रिंगच्या वेटोळ्यांत बसवायचे रबरी बफर पुढे येतात. बफर बसवला की स्प्रिंगची एक-दोन वेटोळी काम करेनाशी होतात. गाडी थोडी उचलली जाते, कारण स्प्रिंग कडक झाली. म्हणजे जो माणूस आराम मिळेल म्हणून बफर घेतो, त्याच्या पदरात नेमकं उलटं पडतं. स्ट्रटच्या वरच्या स्पेसरने स्प्रिंग कडक होत नाही, पण ड्राइव्ह शाफ्टचा कोन वाढतो, त्याच्या सांध्यांवर ताण येतो, चाकांचं अलाइनमेंट बिघडतं आणि गाडीचा गुरुत्वमध्य वर जातो. बोलेरोसारख्या मागे सलग अॅक्सल आणि पाटे असलेल्या गाडीत तर स्पेसरने फक्त बॉडी वर जाते. अॅक्सलच्या मधला डिफरन्शियलचा गोळा होता तिथेच राहतो, तो वर न्यायचा तर टायरच मोठा लागतो.

घासणाऱ्या गाडीसाठी आधी हे बघावं की ती मुळात बसली आहे का. जुन्या स्प्रिंगा दबून कायमच्या खाली येतात. चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतची उंची चारही बाजूंना टेपने मोजली आणि त्याच मॉडेलच्या नव्या गाडीशी ताडली की खरं कळतं. बसलेली असेल तर कंपनीच्या मापाच्या नव्या स्प्रिंगाच तिला पूर्वीच्या उंचीवर आणतात. बाहेरून सीएनजी बसवलेल्या गाड्यांची गोष्ट थोडी निराळी. ६० लिटरची पोलादी टाकी रिकामी असतानाही साधारण ५० किलोच्या वर भरते, म्हणजे डिक्कीत एक माणूस कायमचा बसल्यासारखं. कंपनीतूनच सीएनजी घेऊन येणाऱ्या गाड्यांत सस्पेन्शन त्या वजनाला जुळवलेलं असतं, बाहेरून टाकी बसवताना त्याचा विचार क्वचितच होतो. अशा गाडीला मागच्या बाजूला किंचित जास्त भाराच्या स्प्रिंगा घालणं योग्य ठरतं. गरज स्पष्ट आहे आणि वजन ठाऊक आहे, म्हणून.

‘गॅसचे शॉकअप’ याबद्दल थोडक्यात. त्यांत तेल असतंच. सोबत दाबाखाली नायट्रोजन भरलेला असतो, तो तेलाला फेस येऊ देत नाही. लांबच्या खडबडीत रस्त्यावर शॉकअप तापला की फेसाळलेलं तेल विरोध करेनासं होतं, तिथे गॅसचा फायदा दिसतो. गॅस गाडी उचलत नाही आणि शहरातल्या रोजच्या फेरीत कुणाला फरक जाणवेलच असंही नाही. मोनोट्यूब प्रकारचे गॅस शॉकअप १९५७ मध्ये बिलस्टाइनने मर्सिडीजला पुरवले, तेव्हापासून ही गोष्ट नवी राहिलेली नाही. कंपनीच्या मूळ दर्जाचे शॉकअप बनवणारे कारखाने तर आपल्याच राज्यात आहेत. १९६१ पासून चालत आलेल्या गॅब्रिएल इंडियाचे कारखाने चाकण आणि नाशिकला आहेत. परदेशी खोका दिसला की माल सरस, असं समजायचं कारण नाही.

मोठ्या अलॉयचा हिशेब कागदावर मांडला तर डोळे उघडतात. स्विफ्टच्या साध्या प्रकाराला १६५/८० आर १४ टायर येतो, त्याच्या बाजूची उंची १३२ मिलिमीटर. वरच्या प्रकाराच्या १८५/६५ आर १५ ची १२०. हौसेने १९५/५५ आर १६ घातला की ती १०७ वर येते. तिन्ही टायरांचा बाहेरचा व्यास मात्र जवळजवळ सारखाच, ६२ सेंटिमीटर. म्हणजे गाडी उंच झाली नाही, रस्ता आणि रिम यांच्यामधलं रबर तेवढं २५ मिलिमीटरने कमी झालं. पाण्याने भरलेल्या खड्ड्यात वाकतो तो हाच रिम.

मग खरोखर सुधारणा अशी काही नसतेच का? असते. महागड्या गाड्यांत आता वारंवारतेनुसार वागणारे शॉकअप येतात. पुण्याजवळ रांजणगावला बनणारी जीप कंपास हे त्याचं आपल्या जवळचं उदाहरण. रस्त्याच्या बारीक, जलद थरथरीला तो शॉकअप मऊ राहतो आणि गाडीच्या अंगाच्या संथ हेलकाव्याला घट्ट होतो. हे सगळं झडपांच्या रचनेने, विजेशिवाय. साध्या गाडीच्या मालकाला बाजारात अॅडजस्टेबल कॉइलओव्हर, म्हणजे उंची बदलता येणारे स्प्रिंग-शॉकअपचे जोडसंच, मिळतात, पण त्यांतल्या स्वस्त प्रकारांत उंची कमी करताना शॉकअपची हालचालच कमी होते आणि गाडी बंप स्टॉपरवर, म्हणजे हालचाल संपते तिथल्या ठोकळ्यावर, आदळत चालते. रोजच्या गाडीसाठी हा पैसा वाया आहे, असं इथे ठामपणे म्हणायला हवं. तेवढ्याच पैशांत चारही चांगले शॉकअप, नवी माउंटिंग, बंप स्टॉपर, धूळरोधक बूट, लोअर आर्मचे बुश आणि दर्जेदार टायर येतात, आणि ऐंशी हजार किलोमीटर झालेली गाडी पुन्हा नव्यासारखी चालते.

कायद्याची बाजू दुर्लक्षिली जाते. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातला तपशील कंपनीच्या मूळ मापापासून बदलेल असा फेरफार करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. झिजलेल्या शॉकअपच्या जागी त्याच मापाचा नवा घालणं हा फेरफार नव्हे. स्वतःच्या गाडीत बदल करणाऱ्याने विमा कंपनीला ते लेखी कळवावं, नाहीतर अपघातानंतर दाव्याच्या वेळी वाद ओढवतो.

शेवटी सगळं बसवणाऱ्या हातांवर येऊन ठेपतं, आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरात चांगल्या मेस्त्रींची वाण नाही. त्यांच्याकडे मागण्या मात्र नेमक्या ठेवाव्यात. शॉकअप एकाच अॅक्सलच्या दोन्ही बाजूंचे एकदम बदलावेत, नाहीतर ब्रेक लावताना गाडी एका अंगाला ओढते. फाटका बूट परत वापरू नये, कारण चिखल आत शिरला की दांड्याचं क्रोम खरवडतं, मग सील कापलं जातं आणि तेल गळतं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लोअर आर्मच्या बुशचे नट गाडी लिफ्टवर लोंबकळत असताना पुरते आवळू नयेत. चाकं जमिनीवर टेकवून, गाडीचं वजन त्यांवर आल्यावर शेवटची पकड द्यावी. लोंबकळत आवळलेला रबरी बुश गाडी खाली येताच पिळलेल्या अवस्थेत राहतो आणि काही महिन्यांत फाटतो. नव्या स्प्रिंगा सुरुवातीच्या काही शे किलोमीटरांत थोड्या बसतात, त्यामुळे अलाइनमेंट काम झाल्यावर लगेच एकदा आणि महिन्याभराने पुन्हा एकदा करून घ्यावं.