उधारीची वही आणि पायथनचा क्लास

व्हिडिओत घाई झाली, म्हणून इथे नीट लिहितो. उधारीच्या वहीत प्रत्येक गिऱ्हाइकाचं पान वेगळं, पण रकाने तेच: नाव, फोन, उधारीची यादी. पायथनमध्ये हा रकान्यांचा आराखडा म्हणजे क्लास, आणि भरलेलं एकेक पान म्हणजे ऑब्जेक्ट.

आता माझी चूक ऐका. नवं पान उघडताना आपोआप चालतो तो भाग 'इनिट'. उधारीची रिकामी यादी तिथे 'सेल्फ'ला जोडायची, तर मी ती थेट क्लासखाली लिहिली. झालं! सगळ्यांची यादी एकच. एकाने नेलेलं तेल दुसऱ्याच्या खात्यावर. तो दुकानात येऊन भांडला, आणि बरोबरच होतं त्याचं. यादी 'इनिट'मध्ये हलवली, तेव्हा कुठे पानं वेगळी झाली.

तुम्ही आधी दोन खोटी गिऱ्हाइकं बनवा, एकालाच उधारी द्या आणि दुसऱ्याची यादी रिकामी राहते का ते बघा.