पदव्यांपलीकडचे शहाणपण : याकोबाचे पत्र आणि पंडिता रमाबाई

बायबलच्या उत्तरार्धाला, म्हणजे येशूनंतरच्या ग्रंथसमूहाला, नवा करार म्हणतात. त्यातील याकोबाचे पत्र अवघ्या पाच अध्यायांचे असून त्यात सिद्धान्तचर्चेपेक्षा रोजच्या वागणुकीचाच विचार अधिक आहे. तिसऱ्या अध्यायात शहाणपणाचे दोन प्रकार सांगितले आहेत : एक मत्सर व चढाओढ यांतून उपजणारे, आणि दुसरे वरून, म्हणजे ईश्वराकडून, येणारे. हे दुसरे शहाणपण शुद्ध, शांतताप्रिय, दयाळू आणि निष्कपट असते, आणि ते ज्याच्यापाशी आहे त्याने ते सौम्य आचरणातून दाखवावे, अशी पत्रकर्त्याची अपेक्षा आहे. अनाथांचा आणि विधवांचा संकटकाळी समाचार घेणे ही तर त्याने निर्मळ धर्माची पहिली खूण मानली आहे. श्रद्धेनेच तारण होते असे प्रतिपादणाऱ्या मार्टिन ल्यूथरने १५२२ साली या पत्राची संभावना पेंढ्याचे पत्र अशी केली. पण ज्या समाजात विद्वत्तेचा मान मोठा आणि विधवेचे जिणे लाजिरवाणे होते, तेथे हे पत्र किती नेमके लागू पडते हे पंडिता रमाबाईंच्या चरित्रावरून कळते.

रमाबाईंना (१८५८–१९२२) विद्येचे प्रमाणपत्र मिळवायचे उरले नव्हते. कलकत्त्याच्या विद्वानांनी १८७८ साली त्यांच्या संस्कृत प्रभुत्वावर प्रसन्न होऊन ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या त्यांना दिल्या होत्या, आणि १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती दीक्षेचा जलसंस्कार, घेतल्यावरही धर्मसिद्धान्तांविषयी तेथील जोगिणींशी पत्रांतून वाद घालण्याची त्यांची सवय सुटली नाही. याकोबाने सांगितलेली सौम्यता त्यांच्या लेखणीत दर वेळी सापडतेच असे नाही. ती शोधायची तर त्यांच्या संस्थांच्या कारभारात शोधावी लागते.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू झालेले आणि पुढच्याच वर्षी पुण्यास हलवलेले शारदासदन हे मुख्यतः उच्चवर्णीय विधवांसाठी होते, आणि स्वतः ख्रिस्ती असूनही रमाबाईंनी तेथे मुलींना आपापले सोवळे-ओवळे पाळण्याची, वेगळा स्वयंपाक करण्याची मोकळीक ठेवली होती. तेथील पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांशी विवाहबद्ध झाल्या आणि आनंदीबाई कर्वे म्हणून ओळखल्या गेल्या. त्या शेवटपर्यंत हिंदूच राहिल्या. मात्र रमाबाई स्वतःची प्रार्थना लपूनछपून करण्यास तयार नव्हत्या, आणि काही मुली त्या प्रार्थनेस येऊन बसू लागल्यावर पुण्यात गहजब झाला. १८९३ साली रानडे, भांडारकर यांच्यासारख्या सुधारकांनी सल्लागार मंडळ सोडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांची भीती अगदीच निराधार होती असे म्हणता येत नाही, कारण काही मुलींनी पुढे ख्रिस्ती धर्म स्वीकारलाच. पण याकोबाच्या यादीत शांतताप्रियता आणि निष्कपटता दोन्ही असल्या, तरी पुण्यात त्यांपैकी एकीची निवड करावी लागली, आणि रमाबाईंनी दुसरी निवडली.

१८९६–९७ च्या दुष्काळात हा वाद मागे पडला. रमाबाईंचे आई-वडील १८७० च्या दशकातल्या दुष्काळी वणवणीत उपासमारीने दगावले होते, त्यामुळे मध्य प्रांतातील उपाशी मुली आणि विधवा त्यांना केवळ बातमीतून कळण्यासारख्या नव्हत्या. त्या स्वतः तेथे गेल्या, शेकडो जणींना घेऊन आल्या आणि पुण्याजवळील केडगावात आपल्या शेतजमिनीवर त्यांची सोय केली. तेच मुक्तिसदन. गुजरातच्या दुष्काळानंतर, १९०० च्या सुमारास, तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन ही वेगळी शाखा निघाली, आणि कन्या मनोरमा यांनी अंध स्त्रियांना ब्रेल लिपी शिकवण्याचे काम अंगावर घेतले.

केडगावला आश्रितांना नुसते पोसले जात नसे. शेती, विणकाम, तेलघाणा आणि गाईगुरांची निगा ही कामे बायकाच करीत, आणि छापखान्यात खिळे जुळवण्यापासून पुस्तकबांधणीपर्यंत सगळे त्यांच्याच हातून होई. संस्कृतच्या पंडितेने उतारवयात हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषा शिकून केलेले बायबलचे मराठी भाषांतर याच छापखान्यात तयार झाले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या आणि संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला.