बँकॉक ते सिंगापूर : तिकिटावरच्या वेळा आणि खरा प्रवास

सकाळी दहाला बँकॉकहून निघालेलं विमान सिंगापूरला दुपारी दीडच्या सुमाराला उतरतं. परतीचं विमानही दहालाच सुटलं, तर बँकॉकला साडेअकराच्या आतबाहेर पोचतं. मग जाताना साडेतीन तास आणि येताना दीड? वारा समोरून लागत असेल, असं उत्तर हमखास ऐकू येतं. ते चूक आहे. प्रवास दोन्ही वेळा साधारण सव्वादोन ते अडीच तासांचाच आहे. हा मार्ग दक्षिणोत्तर आहे आणि विषुववृत्तालगतच्या या पट्ट्यात वाऱ्यामुळे फरक पडला तरी तो थोड्या मिनिटांचा.

खरा फरक घड्याळांचा आहे. तिकिटावर निघण्याची वेळ निघायच्या ठिकाणची आणि उतरण्याची वेळ उतरायच्या ठिकाणची, अशा त्या त्या ठिकाणच्या स्थानिक वेळा छापतात. थायलंड आपल्यापेक्षा दीड तास पुढे, सिंगापूर अडीच तास; म्हणजे दोघांत एका तासाचा फरक.

सिंगापूर बरंच पूर्वेला असल्यामुळे हा एक तास पडतो, हा आणखी एक गैरसमज. नकाशा उघडून पाहा. दोन्ही विमानतळांच्या रेखांशांत जेमतेम सव्वातीन अंशांचं अंतर आहे. एका अंशाला चार मिनिटं धरली, तर सूर्याच्या हिशेबानं फरक होतो 13 मिनिटांचा. उरलेली 47 मिनिटं माणसांनी ठरवलेली आहेत. 1982 सुरू होताना मलेशियानं आपल्या द्वीपकल्पीय भागाची घड्याळं अर्धा तास पुढे करून आपल्याच पूर्वेकडच्या साबा-सारावाक या राज्यांच्या वेळेशी जुळवली. शेजाऱ्याशी व्यापार आणि येणंजाणं सतत चालू असल्यामुळे सिंगापूरनंही तेच केलं. म्हणून सिंगापुरात आजही बाराही महिने सूर्य सातच्या आसपास उगवतो.

अंतराचा हिशेबही असाच फसतो. बँकॉकचा सुवर्णभूमी विमानतळ ते सिंगापूरचा चांगी, हे हवाई अंतर सुमारे 1,415 किलोमीटर. त्याला ताशी 900 नं भागलं की 1 तास 34 मिनिटं येतात, आणि मग वेळापत्रकातला जादा पाऊण तास कुठून आला असं वाटतं. ताशी 900 च्या आसपासचा वेग फक्त उंचीवर गेल्यावर मिळतो. चढताना आणि उतरताना तो बराच कमी असतो. शिवाय वेळापत्रकातली वेळ गेट सोडल्यापासून पुढच्या गेटला लागेपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंत सरकत जाणं, रांगेत थांबणं, उतरण्याआधी हवेत मारलेला वळसा, हे सगळं त्यात आलं.

घड्याळ बँकॉकच्याच वेळेवर ठेवून सिंगापूरहून पुढे मुंबईचं विमान पकडणाऱ्यांनी घड्याळांतल्या फरकाचा तो एक तास मधल्या वेळातून आधीच वजा करून ठेवावा. जोडविमान अशा हिशेबातही चुकू शकतं.

आणि बँकॉकला विमानतळ दोन आहेत. स्वस्त विमानसेवांची बरीच उड्डाणं डॉन मुआंगहून सुटतात, सुवर्णभूमीहून नव्हे. दोन्हींच्या मध्ये बँकॉकची रहदारी आहे. तिकिटावर बीकेके लिहिलंय की डीएमके, हे टॅक्सीत बसण्याआधी बघा.