विश्लेषण : स्पोर्ट्स कारला नवे अलॉय बसवताय? पालघर-बोईसरच्या रस्त्यांवर आधी ‘हे’ आकडे जुळवा

रिम एक-दोन इंचांनी वाढवली की गाडी उठून दिसते. पण पीसीडी, ऑफसेट आणि लोड इंडेक्स चुकला तर खड्ड्यात रिम जाते, टायरला फुगा येतो आणि विम्याचा दावाही अडकू शकतो. खरेदीपूर्वी काय तपासायचे, सविस्तर जाणून घ्या.

मुंबई-अहमदाबाद महामार्गाच्या काँक्रीटवर गाडी १०० च्या वेगाने पळते आणि मनोरला वळून वाघोबा खिंडीतून पालघरकडे निघाली की त्याच गाडीची परीक्षा सुरू होते. चिल्हार फाट्यावरून बोईसरला येणाऱ्या रस्त्यावर तारापूर एमआयडीसीचे अवजड ट्रक दिवसरात्र धावतात. पावसाळ्यात इथल्या खड्ड्यांची खोली पाण्याखाली लपते. अशा भागात स्पोर्ट्स कार किंवा टर्बो इंजिनाची वेगवान सेदान बाळगणाऱ्यांना बाहेरचे अलॉय बसवण्याचा मोह होतोच. आपल्याकडे जुने चालक ज्याला ‘मॅगव्हील’ म्हणतात, ते हेच.

चाक हा गाडी आणि रस्ता यांच्यातला शेवटचा दुवा असतो. त्यामुळे रंग आणि डिझाइन निवडण्याआधी काही आकडे पाहणे गरजेचे आहे.

पीसीडी आणि सेंटर बोअर म्हणजे काय?

चाकाचे बोल्ट ज्या काल्पनिक वर्तुळावर बसतात, त्याचा व्यास म्हणजे पीसीडी. फोक्सवॅगन व्हर्टसची पीसीडी ५×१०० आहे. म्हणजे पाच बोल्ट आणि १०० मिमी व्यासाचे वर्तुळ. स्कोडा ऑक्टाव्हियाला ५×११२, फोर्ड मस्टँगला ५×११४.३, तर पोर्शे ९११ ला ५×१३० लागते. ११२ आणि ११४.३ यांत फरक फक्त २.३ मिमीचा आहे. बोल्ट जोर लावून बसवताही येईल, पण तो तिरका बसतो आणि चालत्या गाडीत सैल होऊ शकतो. ‘बसतंय की’ हे उत्तर इथे चालत नाही.

चाकाच्या मधल्या भोकाला सेंटर बोअर म्हणतात. व्हर्टसच्या हबचा व्यास ५७.१ मिमी आहे. बाहेरचे अलॉय अनेक गाड्यांना चालावेत म्हणून त्यांचे भोक मोठे ठेवलेले असते. उरलेली फट हबसेंट्रिक रिंगने भरावी लागते. रिंग नसेल तर चाक अगदी मध्यावर बसत नाही आणि ८०-१०० च्या वेगाला स्टीअरिंग थरथरते. अशा वेळी कितीही वेळा बॅलन्सिंग केले तरी थरथर जात नाही.

बोल्टची बैठकही पाहावी. फोक्सवॅगन समूहाच्या गाड्यांचे मूळ बोल्ट गोलाकार बैठकीचे असतात, तर बाहेरच्या बहुतेक अलॉयना शंकूच्या आकाराचे लागतात. जुनेच बोल्ट नव्या रिमला लावले तर ते काठावर टेकतात आणि पकड अर्धवट राहते.

ऑफसेट चुकला तर काय होते?

रिमच्या रुंदीचा मध्य आणि हबला टेकणारा भाग यांच्यातले अंतर म्हणजे ऑफसेट. रिमवर ते ‘ईटी’ या खुणेपुढे मिमीमध्ये लिहिलेले असते. आकडा कमी झाला की चाक बाहेर येते, वाढला की आत जाते.

एक उदाहरण पाहू. समजा, मूळ रिम ६.५ इंच रुंद, ईटी ४३ आहे आणि नवी ७.५ इंच रुंद, ईटी ३५ आहे. रुंदी एक इंचाने, म्हणजे २५.४ मिमीने वाढली. तिची निम्मी, १२.७ मिमी, दोन्ही बाजूंना जाते. ऑफसेट ८ मिमीने घटल्याने चाक तेवढे बाहेर सरकते. परिणामी बाहेरची कड २०.७ मिमी पुढे येते आणि आतली कड ४.७ मिमी आत सरकते. आत सस्पेन्शन आणि ब्रेक कॅलिपरपाशी तेवढी जागा आहे का? मागच्या सीटवर तिघे आणि डिकीत सामान असताना टायर मडगार्डच्या कडेला घासणार नाही ना? पैसे देण्याआधी हे मोजून घ्यायचे असते.

चाक प्रमाणाबाहेर बाहेर काढले की व्हील बेअरिंगवरचा ताण वाढतो आणि स्टीअरिंगचे वागणेही बदलते. ‘स्पेसर’ लावून चाक बाहेर ढकलले तरी परिणाम तोच होतो.

१६ वरून १७ की थेट १८ इंच?

रिम मोठी करताना टायरची जाडी कमी करून चाकाचा एकूण व्यास जवळपास तोच ठेवायचा, हा मूळ नियम आहे. व्हर्टस जीटीच्या २०५/५५ आर १६ या आकारावरून हिशेब मांडला तर चित्र असे दिसते :

• २०५/५५ आर १६ (मूळ) : एकूण व्यास सुमारे ६३२ मिमी, टायरची भिंत सुमारे ११३ मिमी

• २२५/४५ आर १७ : व्यास सुमारे ६३४ मिमी, भिंत १०१ मिमी, फरक ०.४ टक्के

• २१५/५० आर १७ : व्यास सुमारे ६४७ मिमी, भिंत १०७.५ मिमी, फरक २.४ टक्के

• २२५/४० आर १८ : व्यास सुमारे ६३७ मिमी, भिंत ९० मिमी, फरक ०.८ टक्के

व्यास वाढला की स्पीडोमीटर प्रत्यक्षापेक्षा कमी वेग दाखवू लागतो. त्यामुळे फरक जितका कमी तितका बरा. या यादीत १७ आणि १८ इंच असे दोन्ही पर्याय व्यासात बसतात. फरक पडतो तो भिंतीत. खड्ड्याचा पहिला मार टायरची भिंत झेलते. १८ इंचांवर गेल्यास ही गादी ११३ वरून ९० मिमीवर येते, म्हणजे जवळपास पाचव्या हिश्शाने घटते. मग धारदार कडेच्या खड्ड्यात टायर रिम आणि डांबर यांच्यात चिमटला जातो. आतले धागे तुटून भिंतीला फुगा येतो किंवा रिम वाकते. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, तो बदलावाच लागतो.

म्हणूनच गाडी रोज बोईसर, पालघर, मनोर अशी फिरणार असेल तर एक इंचाची वाढ ही व्यवहार्य मर्यादा ठरते. १८ इंच बसते. पण खड्ड्यांच्या रस्त्यावर पावसाळ्याचे चार महिने ते सांभाळणे खर्चिक ठरू शकते.

लोड इंडेक्सकडे दुर्लक्ष का नको?

टायरवर आकारापुढे ‘९१ व्ही’ असे काहीतरी लिहिलेले असते. ९१ म्हणजे एक टायर ६१५ किलो भार पेलू शकतो. ‘व्ही’ म्हणजे ताशी २४० किमीपर्यंतची क्षमता. २०५/५५ आर १६ च्या प्रमाणित टायरचा लोड इंडेक्स ९१ असतो. पण २१५/४५ आर १७ चा साधा टायर ८७ चा, म्हणजे ५४५ किलोचा मिळतो. चार टायर मिळून क्षमता २८० किलोने घटली! त्याच आकारात ९१ चा ‘एक्स्ट्रा लोड’ टायरही मिळतो, तोच मागावा. त्यात हवा किती भरायची, हेही विक्रेत्याकडून लिहून घ्यावे.

रिमलाही भारमर्यादा असते आणि चांगल्या रिमच्या मागच्या बाजूस ती कोरलेली असते. गाडीच्या एका धुरीवरील कमाल भाराच्या निम्म्यापेक्षा ती जास्तच हवी.

कास्ट, फ्लो फॉर्म्ड, फोर्ज्ड : फरक काय?

• कास्ट : वितळलेले अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातू साच्यात ओतून तयार होते. सर्वांत स्वस्त. पण साच्यात हवेच्या पोकळ्या राहिल्या तर तडा जाण्याचा धोका असतो.

• फ्लो फॉर्म्ड : ओतलेल्या रिमचा बाहेरचा पट्टा तापवून, रोलरने दाबून लांबवला जातो. तो पातळ होऊनही घट्ट होतो. वजन आणि किंमत यांचा चांगला मेळ.

• फोर्ज्ड : धातूचा घन ठोकळा प्रचंड दाबाखाली घडवला जातो. सर्वांत हलके, मजबूत आणि महाग.

वजन का पाहायचे? चाकाचे वजन स्प्रिंगच्या खाली असते. ते वाढले की सस्पेन्शनला चाक रस्त्याला टेकवून ठेवणे कठीण जाते, पिकअप मंदावतो, ब्रेकला जास्त काम पडते आणि मायलेज घटते. दिसायला रेसिंगचे, पण मूळ चाकापेक्षा जड असे नकली अलॉय बसवले तर ‘परफॉर्मन्स’ उलट कमी होतो. दुकानात साध्या वजनकाट्यावर दोन्ही रिम ठेवून पाहण्यात काहीच गैर नाही.

रिमच्या मागे ‘जेडब्ल्यूएल’ आणि ‘व्हीआयए’ या जपानी खुणा दिसतात. पहिली मानकाची, तर दुसरी चाचणीच्या नोंदणीची. पण नकली मालावरही खुणा उमटवता येतात. त्यामुळे उत्पादकाचे नाव, पक्के बिल आणि लेखी वॉरंटी यांशिवाय व्यवहार करू नये.

कायदा आणि विमा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे ठरतील असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी केरळमधील प्रकरणात हीच भूमिका अधोरेखित केली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ नुसार, परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

सुरक्षित मार्ग म्हणजे कंपनीने त्याच मॉडेलच्या एखाद्या व्हेरिएंटसाठी मान्य केलेल्या आकारात राहणे. ही माहिती वाहनाच्या पुस्तिकेत किंवा चालकाच्या दाराजवळील स्टिकरवर सापडते.

नव्या चाकांची माहिती विमा कंपनीला लेखी कळवावी. आणखी एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. खासगी कारच्या प्रमाणित सर्वसमावेशक पॉलिसीत, अपघातात गाडीचेही नुकसान झाले तरच टायरचे नुकसान धरले जाते आणि तेही ५० टक्क्यांपर्यंत. खड्ड्यात फक्त टायर फुटला तर वेगळे टायर कव्हर नसताना खर्च खिशातूनच होतो.

बसवताना दुकानात काय पाहाल?

• हबवरचा गंज तारेच्या ब्रशने काढूनच चाक चढवावे.

• सगळे बोल्ट आधी हाताने फिरवून बसवावेत. सुरुवातीपासून हवेच्या गनने आवळल्यास आटे खराब होतात.

• शेवटची आवळणी टॉर्क रेंचनेच, समोरासमोरच्या क्रमाने करावी. किती जोर लावायचा हा आकडा पुस्तिकेत असतो. फोक्सवॅगनच्या अनेक गाड्यांत तो १२० न्यूटन मीटर आहे.

• ५० ते १०० किमी चालवल्यावर बोल्ट पुन्हा तपासावेत.

• स्टीअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून आणि गाडीत माणसे बसवून टायर कुठे घासतो का ते पाहावे.

• नवे बोल्ट स्टेपनीला चालतात का, हे तिथेच विचारावे. चालत नसतील तर जुना संच गाडीतच ठेवावा.

किनाऱ्यालगत देखभाल कशी?

केळवे, सातपाटी, चिंचणी, डहाणू या पट्ट्यात हवेतच खारेपणा असतो. खड्ड्याने किंवा फुटपाथच्या कडेने रिमचे वरचे लॅकर उडाले की तिथून ओल आत शिरते आणि पांढरट बुरशीसारखा गंज पसरतो. यंत्राने कातलेल्या चकचकीत ‘डायमंड कट’ रिमवर तो लवकर दिसतो. पूर्ण रंगवलेली किंवा पावडर कोटिंग केलेली रिम या हवेत जास्त टिकते. दर आठवड्याला साध्या पाण्याने आणि सौम्य शाम्पूने धुणे पुरेसे आहे. अ‍ॅसिडयुक्त क्लीनर टाळावा.

रिम वाकली तर? किरकोळ वाक योग्य यंत्रावर सरळ करता येतो. मात्र गॅसच्या ज्योतीने तापवून, हातोडीने ठोकून सरळ केलेल्या रिमवर विसंबू नये. उष्णतेने मिश्रधातूला कारखान्यात दिलेली ताकद निघून जाते. तडा गेलेली रिम वेल्डिंग करून वापरणे तर महामार्गाच्या वेगाला जिवावर बेतू शकते. ती भंगारात द्यावी आणि त्याच आकाराची, त्याच ऑफसेटची नवी घ्यावी. त्यासाठी चारही रिमचे तपशील आणि बिल यांचा फोटो मोबाइलमध्ये जपून ठेवा.