दोन जिवांच्या बाईच्या हिरड्या

गरोदरपणात हिरड्यांतून रक्त आलं की मराठवाड्यातल्या घरांत आजही म्हणतात, उष्णता वाढली असेल. मग ब्रश बंद होतो, कुठे मिसरीचं बोट फिरतं. दवाखान्यातही पुष्कळदा एकच सल्ला मिळतो: बाळंतपण होऊ दे, मग बघू. छत्रपती संभाजीनगरात तर घाटी रुग्णालय आणि शासकीय दंत महाविद्यालय हाकेच्या अंतरावर आहेत. या शहरात तरी कुणा गरोदर बाईला असं थांबवलं जाऊ नये.

तोंडातला संसर्ग शरीरात इतरत्रही त्रास देतो, ही कल्पना 1996पूर्वीचीच. त्या वर्षी अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनातून स्टीव्हन ऑफेनबाकर आणि सहकाऱ्यांनी 124 स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध केली. पायोरिया बळावलेल्या आयांना वेळेआधी, कमी वजनाचं मूल होण्याची शक्यता सातपटींहून अधिक दिसली. पुढचं दशक या आकड्यानं झपाटलेलं होतं. कारणही पटण्यासारखं होतं: हिरडीतले जंतू रक्तात उतरतात, दाहामुळे प्रोस्टाग्लँडिन वाढतं आणि कळा लवकर सुरू होतात. 2002मध्ये चिलीतल्या लोपेझ यांच्या चाचणीत उपचार घेतलेल्यांत असे जन्म 1.84 टक्के होते, न घेतलेल्यांत 10.11 टक्के. हिरड्या सांभाळा म्हणजे बाळ वेळेवर येईल, असं छातीठोक सांगितलं जाऊ लागलं. पुरावा कच्चा असताना दिलेलं हे आश्वासन पुढे गरोदर बायकांनाच महागात पडलं.

नोव्हेंबर 2006मध्ये 823 अमेरिकी गरोदर स्त्रियांच्या चाचणीचा निकाल आला. निम्म्यांवर एकविसाव्या आठवड्याआधी उपचार झाले, बाकीच्यांवर बाळंतपणानंतर. वेळेआधी जन्म 12 आणि 12.8 टक्के.

फरक नव्हताच.

2007मध्ये बेंगळुरूतल्या 200 स्त्रियांच्या चाचणीत फायदा दिसला, पण 2009मध्ये सुमारे 1,800 जणींच्या अमेरिकी चाचणीत पुन्हा नाही. गरिबी आणि तंबाखू हिरड्या आणि बाळ, दोन्हींवर वार करतात, हेही विसरता येत नाही. मुंबईतल्या 1,217 गरोदर स्त्रियांच्या 2004च्या अभ्यासात मिसरीसारखी बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्यांच्या बाळांचं वजन सरासरी 105 ग्रॅमनं कमी भरलं होतं.

सलतं ते यानंतरचं. उत्साह ओसरला, तसा बाईच्या तोंडाचा विषयही गुंडाळला गेला. त्याच 2006च्या चाचणीत हिरड्या सुधारल्या होत्या, उपचारांनी आईला किंवा बाळाला अपाय झाला नव्हता. ही बातमीही तितक्याच मोठ्यानं सांगायला हवी होती. बाळाचं वजन वाढत नसेल, तर आईच्या तोंडातून येणाऱ्या रक्ताची दखल घ्यायची नाही?

दर महिन्याच्या 9 तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर बायका तपासणीच्या रांगेत उभ्या असतात. वजन होतं, रक्तदाब होतो, हिमोग्लोबिन होतं. हिरड्या बघायला एक टॉर्च आणि एक मिनिट पुरतं. रक्त येत असेल तर दुसऱ्या तिमाहीतच स्केलिंगसाठी दंतवैद्याकडे चिठ्ठी देता येते.